इलेक्ट्रो-इंडी पॉप बँडचं नवं सिंगल: रेकॉर्डिंगपासून रॉयल्टीपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेबल नसताना स्वतःच्या हिमतीवर सिंगल काढणाऱ्या, मराठीत किंवा मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून गाणाऱ्या बँडसाठी हे पान आहे. गाणं लॅपटॉपवर वाजायला लागलं की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक सिंगल त्यानंतरच अडकतात: नावाच्या स्पेलिंगवर, न झालेल्या सहीवर, आठवडाभर उशिरा केलेल्या अपलोडवर.

इलेक्ट्रो-इंडी पॉप नेमकं कशाला म्हणायचं?

चाल आणि शब्द गिटारवर बसूनही उभे राहतील असं गाणं, पण त्याचा सांगाडा सिंथ, ड्रम मशीन आणि सॅम्पलरचा. वेग साधारण १०० ते १२५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके. यातले लाडके आवाज आजही चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांचे आहेत: रोलँडचं टीआर-८०८ (१९८०), जुनो-६० (१९८२), यामाहाचा डीएक्स-७ (१९८३). आता ते बहुतेक जण प्लगइनमधून, म्हणजे लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून घेतात. ही यंत्रं आपल्याकडे उशिरा आली असा समज आहे, तो खरा नाही. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ यांवर राग वाजवून रेकॉर्ड केले होते. गाणं आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड घालणारे शायर अँड फंक किंवा मॅडबॉय/मिंक हेही मुंबईचेच.

पट्टी कशी ठरवायची? गायिका म्हणते काळी चार, प्रोड्यूसर म्हणतो सी मायनर.

आधी गळा, मग सिंथ. हुकमधला, म्हणजे गाण्याच्या लक्षात राहणाऱ्या ओळीतला, सर्वांत वरचा सूर सलग दहा वेळा गाऊन बघा. आठव्या वेळीही तो ओढाताण न करता लागला, तर पट्टी बरोबर आहे. मात्र इलेक्ट्रॉनिक गाण्यात बेसचंही ऐकावं लागतं. पांढरी एक, म्हणजे सी धरला तर बेसचा मूळ सूर ३२.७ हर्ट्झवर येतो किंवा त्याच्या दुप्पट, ६५.४ वर. पहिला बहुतेक स्पीकरांवर ऐकूच येत नाही आणि दुसऱ्यात क्लबमध्ये पोटात जाणवणारा दणका नसतो. पांढरी चार ते पांढरी सहा, म्हणजे एफ ते ए या टापूत मूळ सूर ४४ ते ५५ हर्ट्झच्या आसपास पडतो आणि बेस भरीव वाटतो. काळी चार तिथंच येते (५१.९ हर्ट्झ). त्यामुळे या भांडणात गायिकेचं ऐकलेलं बरं.

हार्मोनियम वापरणार असाल तर आणखी एक काम आहे. पेटीचा ए नेमका ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी ट्यूनर लावून फरक मोजा आणि सगळे सिंथ तितक्या सेंटनी वरखाली करा. पेटीच पिच-शिफ्ट केली तर भात्याचा श्वास विचित्र ऐकू येतो.

घरी गळा रेकॉर्ड करता येतो का?

येतो. महागड्या माइकपेक्षा खोली महत्त्वाची. मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या किंवा गाद्या उभ्या करा. समोरच्या भिंतीपेक्षा गायकाच्या पाठीमागची बाजू झाकणं जास्त गरजेचं, कारण माइक त्या दिशेला बघत असतो. पंखा बंद, फ्रिजही बंद (आणि नंतर आठवणीनं चालू). माइकपासून तोंड १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या दरम्यान. मीटर तांबडा करण्यात काहीही फायदा नाही.

रेकॉर्डिंग करताना बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर त्याचा उशीर एका दिशेनं २.७ मिलिसेकंद होतो, गाणाऱ्याला तो जाणवत नाही. मिक्सच्या वेळी बफर १०२४ करा. उलट केलंत तर एक तर गायक तालाच्या मागे पडेल, नाही तर लॅपटॉप तडतडेल.

मराठीची स्वतःची एक अडचण आहे. 'चांदणं', 'जग', 'झाड' यांतले दंत्य च, ज, झ माइकवर 'स'इतकेच टोचतात. वर हाय-हॅटही त्याच पट्ट्यात वाजत असते. डी-एसर (टोचणारे 'स'कार दाबणारं प्लगइन) सबंध ट्रॅकवर कडक लावला तर बोबडं ऐकू येतं. आधी ती अक्षरं हातानं शोधून त्यांचा क्लिप गेन ३-४ डीबीनं उतरवा, मग ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये हलका डी-एसर लावा. भ, फ, ख यांच्या हवेच्या झोताला पॉप फिल्टर पुरत नसेल तर माइक ओठांच्या सरळ रेषेतून थोडा बाजूला सरकवा. रस्त्याची घरघर ८० हर्ट्झच्या हाय-पासनं (त्याखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरनं) जाते, हॉर्न जात नाही. त्यासाठी रात्री दोन वाजताचाच मुहूर्त.

ऑटोट्यून लावला की हरकती मोडतात. काय करायचं?

ऑटोट्यून, म्हणजे सूर दुरुस्त करणारं प्लगइन, सूर किती चटकन ओढतं ते रीट्यून स्पीड ठरवतो. तो शून्यावर असेल तर मींडेचे जिने होणारच. तो परिणाम मुद्दाम हवा असेल तर हुकपुरता ठेवा. नैसर्गिक दुरुस्तीसाठी ३० ते ५० मिलिसेकंद बरे, आणि जिथे मींड किंवा सुराचं आंदोलन आहे तिथे दुरुस्ती ऑटोमेशननं चक्क बंद करा. स्केल 'क्रोमॅटिक'वर, म्हणजे बाराही सूर चालू, तसंच ठेवू नका. तसं केलंत तर चुकलेला सूर जवळच्या भलत्याच सुरावर जाऊन बसतो. गाण्यात येणारे सूर तेवढेच चालू ठेवा.

किक आणि बेस एकमेकांत मिसळून चिखल होतो. का?

किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, आणि बेस दोघंही ४० ते १०० हर्ट्झच्या अरुंद गल्लीत एकाच वेळी घुसतात म्हणून. इक्वलायझर चालवण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, लांबी. ८०८ची लांब शेपटीची किक आणि सलग वाजणारा बेस हे एकत्र नांदत नाहीत. दोघांतला एक आखूड करा. दुसरी, फेज. किकचा पोलॅरिटी स्विच एकदा उलटा करून ऐका. बेस अचानक जाड झाला तर तसाच ठेवा. तिसरी, साइडचेन. बेसवर कंप्रेसर, त्याला चावी किकची, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबतो. अटॅक १ मिलिसेकंदाच्या आसपास, ४ ते ६ डीबी घट, रिलीज १२० ते २०० मिलिसेकंद. ११२ बीपीएमला एक ठोका ५३६ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज त्याच्या जवळ गेला तर बेस पुन्हा वर येण्याआधीच पुढची किक पडते आणि गाण्याला दम लागल्यासारखं वाटतं. काहींना तोच झुलता परिणाम आवडतो. मग तो पॅडवर (मागे पसरलेल्या लांब सुरांवर) द्या, बेसवर नको.

१२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करा. आणि फोनसाठी बेसची एक प्रत बनवा: तिच्यावर सॅच्युरेशन, २०० हर्ट्झच्या खालचं कापलेलं, मूळ बेसच्या खाली हळूच मिसळलेली. फोनचा स्पीकर ६० हर्ट्झ वाजवू शकत नाही, पण वरचे हार्मोनिक्स ऐकून कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. ही एक पायरी गाळल्यामुळे कितीतरी गाणी रीलवर बेसशिवाय वाजतात.

मास्टरिंगला काय पाठवायचं?

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात. त्यासाठी स्टिरिओ मिक्स, वेव्ह फाइल, २४ बिट, प्रोजेक्टचा जो सॅम्पल रेट असेल तोच. मास्टर बसवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिमिटर काढून, सर्वांत मोठा आवाज उणे ३ डीबीच्या खाली. तुम्ही लिमिटर लावूनच मिक्स केलं असेल तर ती प्रतही संदर्भाला जोडा, म्हणजे तुमच्या कानाला काय अपेक्षित आहे ते इंजिनिअरला कळेल. शेवटचा रिव्हर्ब विरेपर्यंत फाइल चालू द्या. शेपूट कापलेली मिक्स परत मागवावी लागते.

त्याच बैठकीत इन्स्ट्रुमेंटल, नुसता गळा आणि स्टेम्स (ड्रम, बेस, सिंथ अशा गटांच्या वेगळ्या फाइली) काढून ठेवा. सगळे स्टेम्स पहिल्या बारच्या शून्यापासून सुरू झाले पाहिजेत, नावात बीपीएम आणि पट्टी. जाहिरात किंवा वेब सिरीजवाले इन्स्ट्रुमेंटल मागतात तेव्हा त्यांना ती त्याच दिवशी हवी असते. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडला तर निम्मे प्लगइन बेपत्ता असतात.

मास्टर उणे १४ एलयूएफएसवर करायलाच हवा का?

नाही. एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप, आणि हा गैरसमज फारच पसरला आहे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब वाजवताना साधारण उणे १४ला, ॲपल म्युझिक उणे १६ला आवाज समान करतात. ती वाजवण्याची पातळी आहे, तुमच्या मास्टरची अट नव्हे. या प्रकारच्या पॉपचे मास्टर सर्रास उणे ८ ते उणे १० असतात. उणे ८चं गाणं स्पॉटिफाय ६ डीबीनं खाली आणतं, इतकंच. प्रश्न एवढाच विचारायचा: त्या मोठेपणासाठी स्नेअरचा ठोका चेपला का? चेपला असेल तर उणे १०वर या.

ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं सर्वांत उंच टोक, मात्र गंभीरपणे घ्या. कमाल उणे १ डीबी, कारण एएसी किंवा ऑग व्हॉर्बिसमध्ये रूपांतर होताना लाटेची टोकं मूळच्या वर जातात आणि सिंथचा तळपता सूर करकरतो.

सॅम्पल पॅकमधले लूप वापरले तर हक्काची भानगड होते का?

सॅम्पल पॅक म्हणजे तयार आवाजांचे संच. त्यातले लूप गाण्यात वापरायला हरकत नसते, पण यूट्यूब कंटेंट आयडीत (व्हिडिओंत वाजलेलं गाणं ओळखून मालकाचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत) गोंधळ होतो. तोच लूप जगभर हजारो जणांनी वापरलेला असतो. तुम्ही तो उघडा वाजवलात आणि कंटेंट आयडीत गाणं नोंदवलंत, तर दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर तुमचा दावा जातो, किंवा त्यांचा तुमच्यावर येतो. बहुतेक वितरक (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या कंपन्या) अशा गाण्याला कंटेंट आयडी घेऊच नका असं अटीत सांगतात. उपाय सोपा: ड्रमचे सुटे ठोके बिनधास्त वापरा, पण सुरावटीचा लूप उघडा ठेवू नका. तुकडे करा, उलटा करा, पट्टी बदला, वर स्वतःचा थर चढवा. डाउनलोडची पावती आणि परवान्याचा मजकूर पीडीएफ करून ठेवा.

जुन्या मराठी कवितेला चाल लावली तर?

भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, मर्ढेकर १९५६ मध्ये. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९च्या अखेरपर्यंत परवानगी लागणार. ती वारसांकडून किंवा ज्यांच्याकडे हक्क दिले असतील त्यांच्याकडून, लेखी. प्रकाशकाचा फोनवरचा होकार पुरत नाही. अभंग मोकळे आहेत, पण एखाद्या गायकानं लोकप्रिय केलेली चाल मोकळी असेलच असं नाही. शब्द संतांचे आणि चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची, ही गल्लत नेहमी होते.

गाण्याचा मालक कोण? आम्ही चौघं मित्रच आहोत.

म्हणूनच आत्ता लिहून घ्या. एका सिंगलमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. ड्रमरनं चालीत भर घातली नसेल तर रचनेत त्याचा वाटा शून्य आणि मास्टरमध्ये २५ टक्के, असं होऊ शकतं. त्यात अपमान काही नाही. प्रोड्यूसरनं हुकची सिंथ-सुरावट बांधली असेल तर तो संगीतकार ठरतो का, हा खरा वादाचा मुद्दा. इलेक्ट्रो-पॉपमध्ये बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं.

एका पानाचा कागद पुरतो: गाण्याचं नाव, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, रचनेतला टक्का, मास्टरमधला टक्का, दोन्ही बेरजा १००, तारीख, सह्या. बाहेरून आलेल्या सारंगीवाल्याला किंवा सत्रापुरत्या गायिकेला पैसे देताना त्याच दिवशी हक्कपत्र घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. सहाव्या वर्षी हे आठवून उपयोग नसतो.

आयपीआरएस, इस्रा, पीपीएल: कुणाकडे जायचं?

गीतकार आणि संगीतकार यांनी आयपीआरएसकडे. ही मुंबईतली संस्था १९६९ पासून आहे आणि रचनेच्या सादरीकरणाची रॉयल्टी गोळा करते. नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं वाट्यांसह नोंदवावं लागतं. न नोंदवलेल्या गाण्याचा पैसा तुमच्यापर्यंत पोहोचायला मार्ग नसतो. गायक आणि वादक यांची संस्था वेगळी: पूर्वीची इस्रा, आताची इसाम्रा. ध्वनिमुद्रण हॉटेलात, दुकानात वाजवण्याचे परवाने पीपीएलसारख्या संस्था मास्टरच्या मालकांच्या वतीनं देतात.

वितरकाकडून येणारा पैसा मास्टरचा असतो. तो येतोय म्हणजे सगळं येतंय असं समजून रचनेचा पैसा वर्षानुवर्षं सोडून देणारे बँड पुष्कळ आहेत. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही, हेही सही करताना लक्षात असू द्या.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची आहे?

नाही. निर्मितीबरोबरच हक्क मिळतो. नोंदणी वादात पुरावा म्हणून कामी येते. शुल्क शब्दांसाठी ५००, संगीतासाठी ५००, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पैसे मोजकेच असतील तर आमच्या मते बँडच्या नावाचा ट्रेडमार्क आधी: वर्ग ४१, ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी ४,५०० रुपये.

आयएसआरसी आणि यूपीसी कुठून आणायचे?

वितरक देतो, बहुधा फुकट. आयएसआरसी हा १२ अक्षरांचा कोड ध्वनिमुद्रणाचा, यूपीसी सबंध प्रकाशनाचा. आयएसआरसी लगेच वहीत टिपून ठेवा. उद्या वितरक बदललात आणि तोच कोड, तीच ऑडिओ फाइल, तेच नाव दिलंत तर जुने स्ट्रीम सोबत येतात. नवा कोड पडला की मोजणी शून्यापासून. रीमिक्स, लाइव्ह, इन्स्ट्रुमेंटल यांना मात्र प्रत्येकी वेगळा कोड हवाच.

वितरक कसा निवडायचा?

तीन नमुने दिसतात: वार्षिक वर्गणी आणि हवी तितकी गाणी, एका प्रकाशनाला एकदाच शुल्क आणि वर उत्पन्नातला काही टक्के, किंवा शुल्क नाही पण टक्का मोठा. वर्षाला चार-पाच सिंगल काढणार असाल तर वर्गणी परवडते. पण वर्गणी थकली की गाणी उतरतात का, हे आधी वाचा. काही ठिकाणी गाणं कायम ठेवायला वेगळे पैसे पडतात. दुसरं, जिओसावनवर गाणं जातं का? मराठी श्रोता तिथंही आहे. तिसरं, वाटे थेट सभासदांच्या खात्यात वळवण्याची सोय आहे का? नसेल तर एकाच्या खात्यात पैसे साठतात आणि मग मैत्रीत कुरबुर सुरू होते.

नाव देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये?

देवनागरी मुख्य ठेवायला काहीच हरकत नाही, पण वितरकाच्या फॉर्ममध्ये भाषा 'मराठी' निवडायला विसरू नका. ती 'हिंदी' राहिली की गाणं चुकीच्या रांगेत जातं. रोमन स्पेलिंग एकच ठरवा. ळ, ण आणि दीर्घ स्वर प्रत्येक जण वेगळे लिहितो, त्यामुळे मुखपृष्ठ, यूट्यूब, इन्स्टाग्राम, आयपीआरएस या चारही ठिकाणी अक्षरन् अक्षर सारखं हवं. शोधणारा माणूस रोमनमध्येच टाइप करतो असं गृहीत धरा. गाण्याचे शब्द म्युझिक्समॅच या साइटवर देवनागरीत, वेळेशी जुळवून टाका. तिथून ते स्पॉटिफायवर दिसतात.

कव्हर का नाकारलं जातं?

३,००० गुणिले ३,००० पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी, आरजीबी. छापखान्याची सीएमवायके फाइल चालत नाही. वेब पत्ता, इन्स्टाचं नाव, 'आता उपलब्ध' असले शब्द, दुकानाचा लोगो यांपैकी काहीही असलं की परत. कव्हरवरचं नाव आणि फॉर्ममधलं नाव जुळलं नाही तरी परत.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत देवनागरी तुटत असेल, 'र्क'चा रफार भलतीकडे उडत असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात दक्षिण आशियाई भाषांचा, म्हणजे वर्ल्ड-रेडी लेआउटचा पर्याय चालू करून प्रोग्राम पुन्हा सुरू करा. तुटलेल्या जोडाक्षरांचं कव्हर कुठलंही दुकान नाकारणार नाही, कारण तिथे ते वाचणारा कुणी नसतो. श्रोते वाचतात.

तारीख कशी ठरवायची?

शुक्रवार, २०१५ पासून जगभर नवी गाणी त्याच दिवशी येतात. अपलोड किमान चार आठवडे आधी. गाणं वितरकाकडून दुकानांत पोहोचायला काही दिवस लागतात. ते पोहोचल्यावरच स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या पानावरून त्यांच्या प्लेलिस्टच्या संपादकांना पाठवता येतं, आणि तेही प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी. तेवढं केलं की निवड होवो न होवो, तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत ते येतं. एका वेळी एकच गाणं पाठवता येतं. टिपणाला ५०० अक्षरांची मर्यादा आहे: 'आमच्या मनाच्या जवळचं गाणं' लिहून ती वाया घालवू नका. भाषा, वाद्यं, कुठल्या शहरात लाइव्ह वाजवणार, व्हिडिओ कधी येणार, हे लिहा.

गणपतीच्या आधीचे दोन आठवडे टाळा. त्या काळात मराठीच्या सगळ्या याद्या आरत्या आणि ढोल-ताशांनी भरलेल्या असतात आणि तुमचा मंद सिंथ त्यात बुडतो. अर्थात गाणंच पावसाळ्यातलं असेल तर जूनच्या पहिल्या शुक्रवारसारखा दुसरा मुहूर्त नाही.

इंट्रो किती सेकंदांचा?

३० सेकंद ऐकलं की स्पॉटिफायवर एक स्ट्रीम मोजला जातो. त्यामुळे १५ सेकंदांच्या आत गळा किंवा हुकचा सूर यायला हवा, असा व्यवहारी नियम आहे. पण सुरुवातीचा अर्पेजिओच (सुट्या सुरांची धावती माळ) गाण्याची ओळख असेल तर तो कापू नका; त्याच अर्पेजिओवर पाचव्या सेकंदाला गळ्याचा एखादा कापलेला तुकडा टाकला तरी काम भागतं. रीलसाठी ऑडिओ कुठून सुरू व्हावा हे वितरकाच्या फॉर्ममध्ये सेकंदात भरता येतं. रिकामं सोडलं तर भलताच तुकडा उचलला जाऊ शकतो.

गाणं दुसऱ्याच कलाकाराच्या पानावर गेलं!

सारख्या नावाचा कुणीतरी आहे. पहिल्या सिंगलला अपलोड करताना 'नवा कलाकार' निवडा, दुसऱ्यापासून स्पॉटिफाय आणि ॲपलचा आपला आयडी चिकटवा. चूक झालीच तर वितरक आणि स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स, दोन्हीकडे कळवा. गाणं उतरवून पुन्हा चढवू नका, त्यानं स्ट्रीम आणि प्लेलिस्ट दोन्ही जातात.

दोन हजार रुपयांत पन्नास हजार स्ट्रीम मिळतील, असा मेसेज आलाय.

डिलीट करा. बनावट स्ट्रीमचे पैसे मिळत नाहीत, गाणं उतरवलं जाऊ शकतं, आणि २०२४ पासून स्पॉटिफाय उघड बनावट आढळलेल्या गाण्यामागे वितरकाला दंड लावतं. तो तुमच्याकडून वसूल होतो. शिवाय ते बॉट उद्या दुसरंच काही ऐकतात, त्यामुळे तुमचं गाणं पुढे कुणाला सुचवायचं याचा यंत्रणेला अंदाजच लागत नाही.

पैसे किती आणि कधी?

एका स्ट्रीमचा ठरलेला दर नसतो. त्या देशातल्या त्या महिन्याच्या उत्पन्नातून एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात वाटा पडतो, आणि तो हातात यायला दोन-तीन महिने जातात. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याचा मास्टरचा पैसा मिळत नाही. छोट्या बँडनं म्हणून वर्षाला दहा गाणी ओतण्यापेक्षा चार गाणी नीट पोहोचवलेली बरी.

वितरक अमेरिकन असेल तर डब्ल्यू-८बीईएन हा करफॉर्म भरा, त्यात पॅन द्या. भारत-अमेरिका करारानुसार तिथल्या रॉयल्टीवर १५ टक्के कापले जातात. फॉर्म नसेल तर ३० टक्के. त्याची मुदत सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरीला संपते.

हे गाणं लाइव्ह कसं वाजवायचं?

बॅकिंग ट्रॅक कमीत कमी ठेवा: सब-बेस, पॅड, मागचे गळे. मुख्य सिंथ आणि पर्कशन हातानंच वाजलं पाहिजे, नाही तर लोकांना चार माणसं लॅपटॉपकडे बघताना दिसतात. क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, फक्त ड्रमरच्या कानात. दोन आउटपुटच्या इंटरफेसवर क्लिक डावीकडे आणि ट्रॅक उजवीकडे, ही जुनी युक्ती चालते, पण कुणी चुकून दोन्ही वायरी पीएला, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरांना, जोडल्या की सगळ्या प्रेक्षागृहाला क्लिक ऐकू येतो. चार आउटपुटचा इंटरफेस घ्या, प्रत्येक वायरीवर नाव चिकटवा.

हम्म असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर ग्राउंड लूप आहे. चार्जर परत लावा आणि आयसोलेटेड डीआय बॉक्स वापरा. अर्थिंगची पिन तोडणं हा उपाय नव्हे, पावसाळ्यातल्या ओल्या स्टेजवर तर मुळीच नव्हे. प्रोजेक्ट आणि इंटरफेसचा सॅम्पल रेट एकच आहे ना ते आदल्या दिवशी तपासा. ४८ची फाइल ४४.१वर तशीच वाजली तर गाणं जवळपास दीड सेमीटोन खाली घसरतं आणि गायिकेची पट्टी जागेवर राहत नाही. वाय-फाय बंद, नोटिफिकेशन बंद, सगळे सिंथ ऑडिओ करून घेतलेले, आणि पेन ड्राइव्हवर तोच सेट स्टिरिओ वेव्हमध्ये. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १०ला लाउडस्पीकर थांबवावा लागतो, तेव्हा नवं सिंगल यादीत शेवटचं ठेवू नका. शेवटून तिसरं ठेवा.